पायबंद

मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ, इली हे सुमारे ३,३०० वस्तीचे गाव आहे. तिथून फर्नबर्ग नावाच्या रस्त्याने पूर्वेकडे जात राहिले की शेवटी लेक वन नावाच्या तळ्याचा काठ येतो आणि तिथे रस्ता संपतो. पुढे जायचे तर पाण्यावरून जायचे, आणि जिथे पाणी संपेल तिथे होडी खांद्यावर घेऊन पुढच्या पाण्यापर्यंत चालायचे. सप्टेंबर २०२५च्या मध्यावर आम्ही दोघे नवरा-बायको तिथे भाड्याची कनू पाण्यात लोटून निघालो, तेव्हा वाऱ्यात थंडी शिरली होती, बर्चची पाने पिवळी पडू लागली होती आणि माझ्या मनात १९ सप्टेंबर ही तारीख घोळत होती. तिचा संबंध पुढे येईलच. आधी हे रान सांगते.

त्याचे पूर्ण नाव बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस. सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट या विस्तीर्ण सरकारी जंगलातला हा सुमारे ११ लाख एकरांचा भाग, सीमेच्या कडेने जवळजवळ १५० मैल पसरलेला, हजाराहून अधिक तळ्यांचा. इथे एका गटात ९ माणसांपेक्षा जास्त आणि ४ होड्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. मे ते सप्टेंबर या काळात रोज किती गट आत सोडायचे याचा कोटा ठरलेला असतो. दोन तळ्यांमधल्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी अजूनही रॉड या जुन्या मापात मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. नकाशावर ३० रॉड लिहिलेले असले की पाठीवर ओझे घेऊन सुमारे ५०० फूट चालायचे, एवढे पहिल्याच दिवशी अंगवळणी पडते.

लेक वनमधून लेक टू, मग लेक थ्री. तळ्यांना नावे देणारा इथे थकला असावा. लेक टूच्या पुढे रान बदलते. काठावरचे जुने, उंच वृक्ष नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी एकाच वयाच्या, एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या जॅक पाइनच्या कोवळ्या झाडांची गर्दी सुरू होते. मधूनच एखादे जळून करडे पडलेले जुने खोड उभे दिसते. ऑगस्ट २०११ मध्ये वीज पडून इथे आग लागली. ती नैसर्गिक आग असल्याने सुरुवातीला तिच्यावर नजर ठेवून तिला जळू दिले गेले, आणि १२ सप्टेंबरला वाऱ्याने ती अशी उसळली की एका दिवसात मैलोगणती रान पुढे जाऊन पेटले. पॅगामी क्रीक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आगीत ९२ हजारांहून अधिक एकर जळले आणि धूर शिकागोपर्यंत गेला. जॅक पाइनची फळे राळेने घट्ट मिटलेली असतात, ती आगीच्या धगीनेच उघडतात आणि बी सांडते. आम्ही ज्या सावलीत जेवलो ती सावली त्या आगीनंतरच्या १४ वर्षांत उगवलेली होती. मीही २०११ मध्येच या राज्यात राहायला आले, त्यामुळे त्या झाडांशी माझे काहीतरी नाते आहे असे मला उगाचच वाटत राहिले.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती मलाही इथे येऊन बरीच वर्षे नीट कळली नव्हती. अमेरिकेत नॅशनल पार्क वेगळे आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळे. पार्क हे राखण्यासाठी असते. फॉरेस्ट हे वापरण्यासाठी असते. १९ कोटी ३० लाख एकरांची ही सरकारी वने कृषी खात्याच्या अखत्यारीतील वन सेवेकडे आहेत, आणि त्यांत लाकूडतोड होते, गुरे चरतात, शिकार होते, खाणीही चालतात. म्हणजे आपल्याकडच्या राखीव वनाच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. या वापराच्या वनांच्या आतच काही तुकडे असे आहेत की जिथे रस्ता नाही, करवत नाही, इंजिन नाही, कायमचे घर नाही. त्यांना कायद्याने वाइल्डरनेस म्हटले जाते. राष्ट्रीय वनांपैकी सुमारे ३ कोटी ६० लाख एकर, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी क्षेत्र असे आहे. वापरासाठीच ठेवलेल्या जमिनीतला काही भाग वापरायचा नाही असे ठरवायचे, तर ज्यांचा वापर अडतो ते विरोध करणारच. त्यामुळे राजकीय विरोध ही या रानांच्या इतिहासातली एखादी दुर्घटना नव्हे. तो त्यांच्या जन्मापासून त्यांच्या सोबत आहे.

हा विरोध मी दुरून पाहिलेला नाही. माझे आजोळ गोव्यात डिचोली तालुक्यात आहे, आणि मी लहानाची मोठी झाले ती लोहखनिजाच्या लाल धुळीत. पावसाळा सोडला तर रस्त्याकडेच्या झाडांची पाने आम्हांला हिरवी दिसतच नसत. माझ्या मामाचे दोन टिप्पर खाणीवरून जेटीपर्यंत माल वाहत. आजोळच्या घरामागे डोंगराच्या पायथ्याशी एक झर होती, आणि तिच्या पाण्यावर आमचे कुळागर उभे होते : पोफळी, केळी, जायफळ, मिरीचे वेल. खाण खाली खाली जात राहिली तशी झर आधी मे महिन्यात आटू लागली, मग मार्चमध्ये, आणि एका वर्षी दसऱ्यानंतर तिच्यात पाणी दिसलेच नाही. त्यानंतर घरी टँकर येऊ लागला. मामाचे टिप्पर ज्या डोंगराची माती वाहून नेत होते, त्याच डोंगराच्या पोटात त्याच्या कुळागराचे पाणी होते. हे त्याला कळत नव्हते असे नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मी तेव्हा इथल्या पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्याला तोंड देत होते. मामा फोनवर म्हणाला, ''झाडे वाचली हे बरेच झाले, पण माझे हप्ते कोण भरणार गो?'' टिप्पर अंगणात उभे राहिले, त्यांच्या टायरांखाली गवत उगवले, आणि तो खाणअवलंबितांच्या मोर्च्यांना पणजीला जाऊ लागला. पर्यावरणवाले हा शब्द तो शिवीसारखा वापरू लागला. माझी सगळी सहानुभूती झरीच्या बाजूने होती, तरी त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणूनच इथल्या रानांचा इतिहास वाचताना विरोध करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मला नेहमी मामाचा चेहरा दिसतो, आणि तो चेहरा बाजूला सारून पुढे जाणे मला जमत नाही.

या इतिहासाच्या मध्यावर १९६४चा वाइल्डरनेस कायदा उभा आहे. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर या शांत, दम धरून काम करणाऱ्या माणसाने लिहिला. मिनेसोटाचे सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री आणि पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन सेलर यांनी तो १९५६ मध्ये संसदेत आणला. पुढच्या आठ वर्षांत त्याच्यावर १८ जाहीर सुनावण्या झाल्या आणि मसुदा ६६ वेळा बदलला असे सांगतात. लाकूड, खाण आणि चराईचे हितसंबंध विरोधात होते, यात नवल नाही. पण सुरुवातीला वन सेवा आणि राष्ट्रीय उद्यान सेवा यांनाही तो नको होता, कारण आपल्या ताब्यातल्या जमिनीचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याच खात्याला सहज सोडवत नाही. झानायझर ५ मे १९६४ रोजी वारले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ सप्टेंबरला सही केली तेव्हा तिथे झानायझर यांच्या पत्नी अ‍ॅलिस उभ्या होत्या.

झानायझर यांनी या जमिनीसाठी एक जुना, जवळजवळ विसरलेला शब्द निवडला : अनट्रॅमल्ड. ट्रॅमल म्हणजे घोडा फार लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांत अडकवायचा बंध. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, पायबंद. आता आपण तो फक्त अलंकारिक अर्थाने वापरतो, गैरप्रकारांना पायबंद वगैरे. पण मुळात तो घोड्याच्या पायातला दोरच होय. कायदा म्हणतो की ही भूमी पायबंद न घातलेली असावी. त्या भूमीवर माणसाचा हात कधी लागलाच नाही, असा दावा तो करत नाही. ती आपल्या मनाने चालेल आणि आपण तिला अडवणार नाही, एवढेच तो सांगतो. लेक थ्रीच्या काठावरची ती दाट जॅक पाइन पाहताना हा शब्द मला प्रथमच पुरता समजला.

पण मला या कायद्यात सर्वांत विचार करायला लावणारी वाटते ती त्याच्या विरोधकाची कामगिरी. कोलोरॅडोचे वेन अ‍ॅस्पिनॉल हे प्रतिनिधीगृहातल्या संबंधित समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी वर्षानुवर्षे हे विधेयक अडवून धरले. शेवटी त्यांनी ते सोडले तेव्हा दोन गोष्टी वसूल केल्या. एक, या रानांत खाणींचे नवे दावे १९८३च्या अखेरपर्यंत करता येतील. दुसरी, नवे वाइल्डरनेस कोणताही अधिकारी, मंत्री किंवा राष्ट्राध्यक्ष आपल्या सहीने जाहीर करू शकणार नाही. प्रत्येक तुकड्यासाठी संसदेचा वेगळा कायदा लागेल. ही दुसरी अट अडथळा म्हणूनच घातली होती. संसदेतून कायदा काढणे किती कठीण असते हे अ‍ॅस्पिनॉल यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

घडले वेगळेच. रान राखायचे तर आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पटवावे लागेल, त्यासाठी गावागावांत माणसे उभी करावी लागतील, नकाशे काढावे लागतील, शिकाऱ्यांशी, मेंढपाळांशी, दुकानदारांशी बोलावे लागेल, हे एकदा कळल्यावर लोकांनी ते काम अंगावर घेतले. पहिल्या दिवशी ५४ ठिकाणचे ९१ लाख एकर संरक्षित झाले होते. आज आठशेहून अधिक ठिकाणी ११ कोटींहून जास्त एकर आहेत, आणि त्यांतले बहुतेक अशा एकेका खटपटीतून आलेले आहेत. शिवाय जे फक्त संसद देऊ शकते ते फक्त संसदच काढून घेऊ शकते. १९८० नंतर रेगन यांच्या काळात अंतर्गत कारभारमंत्री जेम्स वॉट यांनी, दाव्यांची मुदत संपण्याआधी, या रानांत तेल आणि वायूचे भाडेपट्टे देण्याचा प्रयत्न केला तेव्हा संसदेनेच त्यांना रोखले. विरोधकाने वाटेत रचलेली दगडांची रास पुढे त्या रानाचाच गडगा झाली. मी हे मोठ्या आदराने म्हणते : अ‍ॅस्पिनॉल नसते तर कायदा लवकर आणि सोपा झाला असता, आणि बहुधा तितक्याच सोपेपणाने मोडला गेला असता.

बाउंड्री वॉटर्सची गोष्ट मात्र १९६४ मध्ये संपली नाही, कारण त्या कायद्यात या एका रानासाठी वेगळे कलम होते. इथे काही भागात लाकूडतोड आणि मोटारबोटी चालूच राहिल्या. भांडण १९७०च्या दशकात पेटले. इलीची शेवटची लोहखाण १९६७ मध्ये बंद पडली होती. आठ दशके ज्या गावाने जमिनीखाली काम केले, त्याला आता सांगितले जात होते की जमिनीवरचे लाकूड आणि पाण्यावरचे इंजिनही सोडा. जुलै १९७७ मध्ये इलीत जाहीर सुनावणी झाली तेव्हा रानाच्या संरक्षणाची बाजू घेणाऱ्या सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा सभागृहाबाहेर फासावर टांगलेला होता. ओल्सन उपरे नव्हते. ते इलीतच राहत, त्यांनी तिथल्या कॉलेजात शिकवले होते आणि तरुणपणी याच तळ्यांवर वाटाड्याचे काम केले होते. ७८ वर्षांचा तो माणूस आपल्याच गावकऱ्यांच्या आरडाओरड्यात उभा राहिला आणि आपले म्हणणे सांगून खाली बसला. मी त्या सभेचा विचार करते तेव्हा दोन्ही बाजूंनी करते. ज्यांनी पुतळा टांगला त्यांच्यातही अंगणात उभे टिप्पर असलेला कोणी मामा असणार.

पुढच्या वर्षी डोनाल्ड फ्रेझर या मिनियापोलिसच्या प्रतिनिधीने किंमत मोजली. त्यांनी संरक्षणाचे विधेयक मांडले होते आणि त्याच वर्षी ते सिनेटसाठी उभे होते. सप्टेंबर १९७८च्या पक्षांतर्गत निवडणुकीत बॉब शॉर्ट या उद्योगपतीने नेमका हाच मुद्दा हाती घेतला, आणि फ्रेझर थोड्या मतांनी हरले. महिन्याभराने, २१ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी रानाच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. लाकूडतोड संपली, मोटारबोटी पाण्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यापुरत्या उरल्या, रानाच्या आत खाण बंद झाली. फ्रेझर सिनेटमध्ये कधी गेले नाहीत. पुढे ते मिनियापोलिसचे महापौर झाले आणि बरीच वर्षे राहिले. रानाच्या नकाशावर त्यांच्या नावाची पाटी शोधावी लागते, पण लेक थ्रीवरच्या शांततेत त्यांच्या पराभवाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते.

एक गोष्ट या सगळ्यांत मला टोचत राहते. कायद्याच्या मजकुरात माणसाला या भूमीत पाहुणा म्हटले आहे, येऊन जाणारा, न राहणारा. भारतातून आलेल्या कोणालाही हे वाक्य सरळ गिळता येणार नाही. आपल्या जंगलांत माणसे राहतात, आणि त्यांचा हक्क मान्य करायला आपल्याला २००६ साल उजाडावे लागले. इथेही ओजिब्वे लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, पाहुणे नव्हते. ते या तळ्यांतले मनोमिन, म्हणजे पाण्यात उगवणारे रानतांदूळ, होड्यांत झोडून गोळा करत आणि आजही करतात. १८५४च्या तहात जमीन गेली तरी शिकार, मासेमारी आणि वेचणीचे हक्क त्यांनी राखले. इथल्या काही जुन्या लाल पाइनच्या राया त्यांनी मुद्दाम लावलेल्या हलक्या आगींनी घडल्या आहेत. तेव्हा निर्मनुष्य रान ही कल्पना इथे अर्धीच खरी आहे. पण हा आक्षेप घेऊन जे इथे होऊ घातलेल्या तांब्याच्या खाणीची बाजू मांडतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण मनोमिन हे गंधकाच्या क्षारांना अतिशय नाजूक पीक आहे. मिनेसोटाने १९७३ पासून त्याच्या पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेट ही मर्यादा ठरवली आहे, आणि आज इथल्या खाणींविरुद्ध उभ्या असलेल्यांत ओजिब्वे लोकच पुढे आहेत.

त्या खाणीची हकीकत सांगताना पाण्याची वाट सांगावी लागते. कविशिवी नदीचे पाणी लेक थ्री, लेक टू, लेक वन असे रानातून येते. पुढे त्याची एक धार दक्षिणेकडे वळून रानाच्या बाहेर पडते आणि बर्च लेकमध्ये जाते. तिथून व्हाइट आयर्न, फार्म, फॉल अशा तळ्यांतून ती इलीच्या जवळून फिरते आणि बासवुड लेकच्या दिशेने पुन्हा रानात शिरते. मग सीमेवरून कॅनडाच्या पाण्यात मिसळत शेवटी हडसन उपसागराला मिळते. ज्या पाण्यावर आम्ही वल्ही मारत होतो ते रानाबाहेर जाऊन परत रानात येणारे पाणी होते. आणि चिली देशातल्या अँटोफगास्टा कंपनीच्या ट्विन मेटल्स या उपकंपनीला तांबे आणि निकेल काढायचे आहे ते बर्च लेकच्या काठी, म्हणजे रानाच्या हद्दीबाहेर आणि त्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. हे खनिज गंधकाबरोबर बांधलेले असते. ते फोडून हवेत आणि पाण्यात आणले की आम्ल तयार होते, आणि त्या आम्लाबरोबर धातू पाण्यात उतरतात. लोहखनिजाची धूळ मी पाहिली आहे. ती धुता येते. हे धुता येणारे नाही.

आता या खाणीच्या कागदांची वाट पाहा. भाडेपट्टे मूळचे १९६६चे. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामा सरकारने त्यांचे नूतनीकरण नाकारले. २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने ते परत दिले आणि २०१९ मध्ये नूतनीकरणही केले. जानेवारी २०२२ मध्ये बायडेन सरकारने ते रद्द केले आणि जानेवारी २०२३ मध्ये या पाणलोटातले २,२५,५०४ एकर २० वर्षांसाठी खाणकामातून वगळण्याचा आदेश काढला. २०२५च्या उन्हाळ्याआधी एका मोठ्या अर्थविषयक विधेयकात हे पट्टे परत देण्याचे कलम आले आणि मतदानाआधी गळले. दर चार वर्षांनी दार उघडायचे आणि दार लावायचे. रानाच्या आत १९७८चा कायदा आहे, म्हणून तिथे कोणी हात घालत नाही. रानाच्या वरच्या अंगाला तेव्हा फक्त मंत्र्याची सही होती, म्हणून तिथे रोज हात घातला जात होता. अ‍ॅस्पिनॉल यांच्या अटीचे मोल मला इथे कळते.

हेच त्या १९ सप्टेंबरच्या तारखेचेही होते. राष्ट्रीय वनांत वाइल्डरनेसखेरीज आणखी ५ कोटी ८५ लाख एकर असे आहेत की जिथे अजून रस्ते झालेले नाहीत. जानेवारी २००१ मध्ये क्लिंटन सरकारने जाता जाता एक नियम करून तिथे नवे रस्ते आणि बहुतेक व्यापारी लाकूडतोड थांबवली. त्या नियमाआधी देशभर सहाशेच्या आसपास सभा झाल्या आणि १६ लाख टिप्पण्या आल्या. पण तो नियम होता, कायदा नव्हता. २३ जून २०२५ रोजी कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी तो मागे घेण्याचा इरादा जाहीर केला आणि लोकांना म्हणणे मांडायला २९ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर अशी तीन आठवड्यांची मुदत दिली. कारण सांगितले गेले ते वणवे रोखण्याचे आणि लाकडाचे. वणव्याचा प्रश्न खरा आहे आणि रानाच्या कडेच्या वस्त्या खरोखर जळतात, हे मी नाकारत नाही. पण वस्तीच्या भोवतालचे सुके रान साफ करायला दूरवरच्या डोंगरात रस्ता लागत नाही, आणि माणसाच्या हातून लागणाऱ्या आगी रस्त्याच्या कडेलाच अधिक लागतात. वन सेवेकडे आताच साडेतीन लाख मैलांहून अधिक रस्ते आहेत, पृथ्वीला १४ फेऱ्या घालता येतील इतके, आणि त्यांच्या दुरुस्तीचे अब्जावधी डॉलरचे काम तुंबलेले आहे.

त्याच जून महिन्यात युटाचे सिनेटर माइक ली यांनी लाखो एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव आणला होता, आणि तो मागे घ्यावा लागला तो केवळ शहरी निसर्गप्रेमींमुळे नव्हे. माँटाना आणि आयडाहोचे शिकारी, मासेमार आणि ली यांच्याच पक्षाचे सिनेटर विरोधात गेले. रान राखणे ही एका पक्षाची जहागीर आहे असे समजणाऱ्या माझ्या इथल्या मित्रांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, आणि ते प्रत्येक वेळी विसरतात.

रानातून बाहेर आल्यावर इलीत मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार सत्तरी ओलांडलेले होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्यांचे वडील खाणीत होते आणि चुलत्यांचे बासवुड लेकवर लहानसे रिसॉर्ट होते. १९५०च्या दशकात सरकारने ते विकत घेतले. मी विचारले, पैसे कमी मिळाले का? ते म्हणाले, पैसे मिळाले, पण घ्यायचे का हे कोणी विचारले नाही. तांब्याच्या खाणीला त्यांचा पाठिंबा आहे, कारण नातवाने इथेच राहावे असे त्यांना वाटते. मी वाद घातला नाही. मी त्यांना डिचोलीच्या झरीची गोष्ट सांगितली, टिप्परांची सांगितली, मामाच्या हप्त्यांचीही सांगितली. त्यांनी ती हातातले काम थांबवून ऐकली. मग त्यांनी एकच विचारले, खाण बंद झाल्यावर झर परत आली का?

मी म्हटले, नाही. डोंगरच राहिला नव्हता.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. निघताना त्यांनी आम्हांला परतीच्या वाटेवर हरणे कुठे आडवी येतात ते सांगितले.

मला या देशात मत देता येत नाही. १४ वर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि पुढे किती वर्षे असेन हे माझ्या हातात नाही. पण सरकारी नियमावर टिप्पणी द्यायला नागरिकत्व लागत नाही. १८ तारखेच्या दुपारी, इलीच्या सार्वजनिक वाचनालयात, ओल्या कपड्यांनिशी मी ती लिहायला बसले. आकडे आणि कलमे मी घरून लिहून आणली होती, त्यांना हात लावला नाही. आधी झरीबद्दल लिहिले : ती घराच्या कोणत्या बाजूला होती, तिच्यावर किती पोफळी होत्या, ती कोणत्या महिन्यात आटू लागली. मग मामाच्या हप्त्यांबद्दल लिहिले, आणि रस्ते न काढण्यामुळे ज्यांचे काम जाते त्यांना आधी विचारावे, हेही लिहिले. त्यानंतर लेक थ्रीच्या काठची १४ वर्षांची जॅक पाइन आली, आणि तिथे मी थांबले.

टिप्पणी पोहोचल्याचा एक लांबलचक क्रमांक पडद्यावर आला. लिहून घ्यायला दुसरा कागद नव्हता, म्हणून तो मी रानाच्या परवान्याच्या मागे, ओलसर भागात जरा जोर देऊन, पेन्सिलीने उतरवून घेतला.